रात्री मेस बंद केली की खा-खा सुटते, काय करावं?

मेसवाली (लातूर)

लातूरला माझी मेस आहे. नीट-जेईईची लेकरं जेवायला असतात. सकाळी नाष्टा, दुपारचं आणि रात्रीचं जेवण, रविवारी दुपारी गोड आणि रात्री सुट्टी. वय 43, उंची पाच फूट दोन इंच. गेल्या उन्हाळ्यात गुडघे धरले म्हणून दवाखान्यात गेले, तर सगळ्याच तपासण्या करून घेतल्या. थायरॉईड नॉर्मल. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए वन सी, 6.1. वजन 84. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून झालेला नाही, पण असंच चाललं तर होणार. आधी वजन उतरवा.

आता काटा 77.5 दाखवतोय. साखरेचा चहा सुटला. गंजगोलाईतून भाजी आणायला जाताना रिक्षा करत नाही, पायी जाते. येताना पिशव्या असतात म्हणून नाइलाज. तेव्हा "मनावर घ्या ताई" हे कृपया कुणी सांगू नका, मनावर घेतलंय.

भानगड रात्रीची आहे. माझा दिवस पाचला सुरू होतो. चहा, त्यासोबत दोन खारी. मग नाष्ट्याची घाई, सुशीला नाहीतर पोहे. चव बघायला चमचाभर पोटात जाईल तेवढंच. दुपारी बारापासून तीनपर्यंत लेकरं येत-जात राहतात, तेव्हा मी जेवत नाही. खरं सांगते, "आज दुपारपर्यंत काहीच खाल्लं नाही" याचं मनातून बरंही वाटतं. चारच्या सुमाराला एखादी भाकर, तळाचं वरण. की लगेच रात्रीची तयारी.

साडेदहाला शेवटचं लेकरू हात धुऊन जातं. पोळ्या लाटणाऱ्या बायका तोवर गेलेल्या असतात. मी शटर अर्धं ओढते आणि ओट्यापाशी येते. कढईच्या कडेला बटाट्याच्या भाजीची खरपूस खरवड चिकटलेली असते, ती उलथन्यानं काढून तोंडात टाकते. मग डब्यातली पोळी. गार, चिवट झालेली असते, तरी तिची गुंडाळी करायची, शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं तेल ओतायचं, त्यात दाबायची आणि उभ्या उभ्याच खायची. दुसरी. तिसरी. भूक मघाशीच भागलेली असते, हात मात्र थांबत नाही. शेवटी गुळाचा खडा. ताट घेत नाही, त्यामुळं किती खाल्लं ते सकाळी आठवतही नाही.

रोज असं होतं असं नाही. पण ज्या दिवशी दुपारी जास्त तंगवलं, किंवा पोरांच्या एखाद्या पालकाशी पैशावरून वाजलं, त्या रात्री हमखास.

आणि उरलेलं टाकायला जीव होत नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तेव्हाही मेस चालू होती माझी. ताटं धुवायला पाणी नाही म्हणून पत्रावळीवर वाढलंय. अन्न-पाणी वाया चाललेलं दिसलं की पोटात कालवतं.

आत्याबाई म्हणतात, "तोंडाला कुलूप लाव की वं." आमचे हे म्हणतात जीभ सैल सुटलीय. दोघांनाही रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभं करून बघायला पाहिजे.

तर विचारायचं असं, की ज्यांना स्वयंपाकघर सोडताच येत नाही, त्यांनी हे आवरायचं कसं? आणि पुढच्या आठवड्यात येळवस आहे, म्हणजे वेळ अमावस्येचं शेतातलं जेवण, तेही डोक्यात आहेच.

उदगीरी

ताई, डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत करून बघा. ते तर तुमच्या लातूरच्याच सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवायचे. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, 55 मिनिटांच्या आत आटपायचं. मधल्या वेळात तोंडात काही नाही. शिवाय 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. माझं 11 किलो उतरलं आणि पँटा सगळ्या नव्यानं शिवाव्या लागल्या. निग्रह पाहिजे, बाकी काही नाही.

मेसवाली (लातूर)

दादा, आमच्या भाऊजींनाही त्यानं गुण आला, त्यामुळं नावं ठेवत नाही. पण "मधे तोंडात काही नाही" हे माझ्या धंद्यात कसं बसवू? वरणाचं मीठ कोण बघणार? मीठ कमी पडलं की पोरं ग्रुपवर काय काय लिहितात ते एकदा वाचायला या. आणि निग्रहाचं म्हणाल तर तो सकाळी पाच ते रात्री साडेदहा पुरतो. एवढा वेळ पुरणाऱ्याला निग्रह नाही म्हणायचं का?

जालन्याची लेक

एवढा जिवाला त्रास कशाला? मौंजारोचं इंजेक्शन मार्च 2025 पासून आपल्याकडं मिळायलंय. माझी जाऊ घेते. भूकच मरते म्हणे. समोर पुरणपोळी ठेवली तरी अर्धीच खाल्ली तिनं, सगळे बघत राहिले.

सिस्टर, नांदेड

मेसवाली ताई, मी दवाखान्यात साखर-बीपीच्या ओपीडीला असते. तुमच्यासारख्या बायका रोज बघते, म्हणून जरा लांबण लावते.

सगळ्यात आधी तुमचा हिशोब. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. सुमारे 7 टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं एवढंच ध्येय दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तुमच्या 84 चे 7 टक्के म्हणजे सहा किलोला थोडं कमी. तुमचे साडेसहा उतरलेत. म्हणजे त्या अभ्यासातल्या लोकांना जे गाठायला सांगितलं होतं ते तुम्ही रात्रीच्या चटणी-पोळीसकट गाठलंय. हे घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

आता रात्रीचं. तुम्ही सगळं रात्रीबद्दल विचारलंत, मला मात्र तुमच्या लिहिण्यात दुपार खटकली. पाचला उठल्यापासून चारपर्यंत तुमच्या पोटात दोन खारी आणि चाखलेले चमचे. खारी म्हणजे मैदा आणि डालडा. त्यानंतर एक भाकर आणि मेसचं वरण, आणि मेसचं वरण कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. एवढ्यावर सतरा-अठरा तास उभं राहून काम करणारं शरीर रात्री मोकळं सापडलं की वसुली करणारच.

1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या खाण्यावर ठेवलं होतं. पोरं चांगली निवडून घेतलेली, स्वखुशीनं आलेली. पण दिवसरात्र डोक्यात अन्नच. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवायला लागलं, कुणी ताट चाटायला लागलं. आणि नंतर पोटभर अन्न मिळायला लागलं तरी कितीतरी जणांना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. जीभ त्यांचीही सैल नव्हती. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं.

म्हणून माझं सांगणं एकच. लेकरांच्या आधी जेवा. साडेअकराला, बसून, ताट वाढून. एक भाकर, पालेभाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा मोड आलेली मटकी, दही. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली, एकात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. संध्याकाळी सातला, पंगत सुरू व्हायच्या आधी, तसंच दुसरं छोटं ताट. चारची भाकर मग सुटली तरी चालेल; त्याऐवजी मूठभर फुटाणे घ्या. खारी बंद.

चाखण्याची काळजी सोडा. वरणाच्या दोन चमच्यांनी काही होत नाही. भजी तळताना "कसं झालंय" म्हणून उचललेलं प्रत्येक भजं मात्र मोजा, एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात. तुमच्या तीन पोळ्या, मूठभर चटणी आणि वरचं तेल मिळून सहाशे-सातशे कॅलरी सहज होतात. दुपारी जेवण वाचवून जे कमावलं ते तिथंच गेलं.

भाकरीबद्दल एक सांगून ठेवते, कारण कुणीतरी "ज्वारी खा, वजन उतरतं" लिहिणारच. ज्वारी चांगलीच आहे, चावायला वेळ लागतो, पोट लवकर भरतं. पण आपल्याकडची भाकर ताटाच्या काठाला टेकते. 80 ग्रॅम पिठाची असेल तर तिच्यातच 270 च्या आसपास कॅलरी आल्या. दोन खाल्ल्या तर हिशोब तुम्हीच करा.

जालन्याच्या ताई, ते इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि कुणासाठी ते योग्य ते डॉक्टरच ठरवतात. त्याच जातीचं सेमाग्लुटाइड बंद केलेल्या लोकांवर अभ्यास झालाय. वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी साधारण दोन-तृतीयांश परत आलं. तुमच्या जाऊबाईंना डॉक्टरांना न विचारता ते मधेच सोडू नका म्हणावं.

मेसवाली (लातूर)

सिस्टर, वाचून गप्पच झाले. पण लेकरांच्या आधी जेवायचं म्हणजे… आमच्या घरात चूल पेटवणारी बाई शेवटी जेवते. आत्याबाईंनी आयुष्यभर तेच केलं. साडेअकराला मी ताट घेऊन बसले तर त्या तोंडानं काही म्हणणार नाहीत, पण पदर सावरत तीनदा स्वयंपाकघरातून ये-जा करतील. तुम्हाला कळतंय ना कसं ते?

सिस्टर, नांदेड

कळतंय, माझ्याही घरी आहेत. त्यांना म्हणा, गोळी जेवणानंतरची आहे, डॉक्टरांनी वेळ ठरवून दिलीय. गोळी कुठली ते त्या विचारणार नाहीत. खोटं बोलायचं नसेल तर त्यांनाच सोबत बसवा. या वयात त्यांनी तरी चारपर्यंत उपाशी का राहावं?

मुक्कामी गाडी

मी एसटीत कंडक्टर. परभणी जिल्ह्यातला. बराच काळ मुक्कामी गाडीवर काढला. रात्री गाडी गावात लावायची, तिथंच झोपायचं, पहाटे पहिली फेरी. गावातली माणसं मायाळू. कुणाच्या घरून पिठलं-भाकर येते, कुणाकडं बारसं असलं तर बुंदी. नाही म्हणायची सोय नाही, "आमच्या हातचं चालत नाही का मास्तर" म्हणतात. मी घरून जेवून निघालेलो असलो तरी परत जेवायचो.

मला जे जमलं ते सांगतो. एक तर रात्रीची ती इच्छा लई वेळ टिकत नाही. स्टँडवर गाडी लागल्या लागल्या दाराशी झुंबड उडते, वाटतं आता दारच उपटून काढतेत. तिकिटाची पेटी हातात धरून गप्प उभं राहिलं की थोड्या वेळानं ज्याचा तो जागेवर बसतो. तसंच आहे हे. मी "खायचं नाही" असं म्हणत नाही. "पंधरा मिनिटांनी खातो" म्हणतो. तोवर गाडीला दोन चकरा मारतो, टायर बघतो, घरी फोन लावतो. पंधरा मिनिटांनी खरंच भूक असली तर खातो, बसून. बहुतेक वेळा नसते.

दुसरं, झोप. तुम्ही झोपता बाराला, उठता पाचला. आमच्या डेपोत आरोग्य तपासणी झाली तेव्हा डॉक्टरनं समजावलं होतं, झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. रातपाळीवाल्यांची पोटं का सुटतात ते तिथं कळलं. दुपारी तीन ते चार शटर ओढून आडवं व्हा. धंदा कुठं पळून जात नाही.

तिसरं, चटणीचा डबा. रात्री दिसेल असा ठेवूच नका. पंगत संपायच्या आत तो कपाटात वर गेला पाहिजे. तुमच्या डब्यातल्या पोळ्या कोरड्या खाऊन बघा, एकीच्या पुढं जात नाही. माणूस चटणीवर खातो.

जालन्याची लेक

मास्तर, चटणीवरचा हल्ला सहन केला जाणार नाही 😄

नाव नको

जरा वेगळं लिहिते. मेसवाली ताईंना लागू आहे असं म्हणत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल.

माझं खाणं दुपारच्या उपवासानं सुटत नव्हतं. भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत, घरातले झोपल्यावर. बिस्किटांची वेष्टनं पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवायची. नंतर स्वतःची इतकी किळस यायची की दुसऱ्या दिवशी काही खायचं नाही, आणि रात्री परत तेच. घरचे मला हावरट म्हणायचे, मीही तेच मानत होते. मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार आहे, त्याला नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर. 2013 पासून डॉक्टरांच्या निदानाच्या अमेरिकन यादीत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे. आठवड्यातून एकदा तरी, आणि तीन महिने असं चाललं, खाण्यावर ताबाच उरला नाही, तर दाखवून घ्यावं. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत. मला त्यात पहिल्यांदा काय करायला लावलं असेल? डाएट बंद. वेळेवर तीन जेवणं आणि मधे खाणं. वजनाचा काटा माळ्यावर ठेवला.

लाज वाटत असेल तर आधी 14416 वर फोन करा. टेली-मानस, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी रात्री फोन केला होता, गच्चीवर जाऊन.

मेसवाली (लातूर)

नाव नको ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पर्सच्या कप्प्याचं वाचताना माझा डाळीच्या पिंपामागचा गुळाचा डबा आठवला. मी लक्ष ठेवते, आणि नंबर फोनमध्ये घालून ठेवलाय.

बाकी सगळ्यांना सांगते काय चाललंय ते. साडेअकराचं ताट सुरू केलं. आत्याबाईंना सोबत बसवलं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "लेकरं उपाशी आणि आपण गिळायलोय." दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "मटकी केलीस का गं?" त्यांना दातांमुळं भाकर कुस्करून द्यावी लागते, त्यामुळं माझंही जेवण आपोआप सावकाश होतं.

रात्री उरलेल्या पोळ्यांचंही बघितलं. पहाटे दूध घालायला येणारा गवळी म्हणाला, बादलीत टाकून ठेवा, गाईला नेतो. आता दहा वाजता, शेवटची दोन-तीन लेकरं जेवत असतानाच पोळ्यावाली बाई उरल्या अंदाजानं बादली भरून बाहेर ठेवते. मला दिसायच्या आत. आठवड्यातून दोन रात्री तरीही चटणी काढलीच. पण ताट घेतलं, बसले, आणि पोळी एकच होती.

दुपारचं आडवं व्हायचं मात्र जमेना. तीन वाजता गॅसवाला येतो, किराण्याचा हिशोब येतो, कुणाची तरी आई फोन करते, "आमचा सोन्या जेवतो का हो नीट?" जेवतो, माय. तुमचा सोन्या माझ्यापेक्षा नीट जेवतो.

आता येळवस. दीराच्या शेतात, औशाकडं. माणसं चाळीसच्या वर. भज्जी, उंडे, आंबील, खीर, तिळाची पोळी, शेंगाची पोळी. तिकडं प्रत्येक जण वाढायला येणार आणि मी "पुरे" म्हटलं की जाऊबाई रुसणार. काय करू, ते सांगा.

उदगीरी

येळवशीला डाएट विचारणारी लातूरची बाई पहिल्यांदाच बघितली. लातूर-धाराशिवला त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते, अख्खं गाव शिवारात असतं. खा बिनधास्त. माझा निग्रहसुद्धा त्या दिवशी सुट्टीवर असतो.

मुक्कामी गाडी

आमच्या इकडं येळवस एवढी नाही, पण लातूरच्या गाडीवर होतो तेव्हा खाल्लीय. ताई, सकाळी उपाशी जाऊ नका एवढंच. "तिकडं खायचंच आहे" म्हणून लोक सकाळपासून पोट रिकामं ठेवतेत आणि मग पहिल्या पंगतीलाच आडवे होतेत. आणि वाढप तुमच्याकडं घ्या. वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही.

सिस्टर, नांदेड

वाढपाची युक्ती भारी आहे, पण ताईंनी वर्षभर वाढलंय. त्या दिवशी त्यांना पाटावर बसू द्या.

ताई, भज्जी मनसोक्त खा. तूर, वाटाणा, हरभरा, हिरव्या शेंगा, पालेभाज्या सगळं एकात असतं. ताकाची आंबीलही प्या. पोळ्यांमधली एकच निवडा, तिळाची किंवा शेंगाची, आणि खीर वाटीत घ्या, ताटात नको. जेवल्यावर शेताला एक फेरी मारा. आणि दुसऱ्या दिवशी "कालचं भरून काढते" म्हणून उपाशी राहायचं नाही, साडेअकराचं ताट तसंच.

मेसवाली (लातूर)

शेंगाची पोळी. ठरलं. तिळाची जाऊबाईंकडून डब्यात बांधून आणते, आत्याबाईंसाठी. (त्यांच्यासाठीच.)

सिस्टर, ती तीन महिन्यांची साखर परत कधी बघू? उपाशी जावं लागतं का? सकाळी लॅब उघडते तेव्हा माझा नाष्टा चालू असतो.

सिस्टर, नांदेड

मागच्या तपासणीला तीन महिने होऊन गेले असतील तर आता कधीही करता येईल. तुम्ही नुकतंच जेवण बदललंय, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये केलीत तर त्याचा फरक नीट दिसेल. उपाशी जायची गरज नाही. दुपारी लेकरं जेवून गेल्यावर, तुमचं ताट झाल्यावर जा. रिपोर्ट आला की इथं आकडा टाका, आणि आधीचा 6.1 वाला कागद डॉक्टरांना दाखवायला सोबत ठेवा.